सहा प्रमाणं आणि एक विद्यापीठ



मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एक मुलगी माझ्याजवळ आली. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते म्हणाली. तिनं सरळ विचारलं, "सर, तत्त्वज्ञानात संशोधन म्हणजे नक्की काय करतात? तुमच्याकडे प्रयोगशाळा नाही. तुम्ही कुठे जाऊन खणत नाही, कुणाच्या मुलाखती घेत नाही. मग तुमचं बरोबर आलं की चुकलं, हे तुम्हाला कळतं कसं?" विचारण्यात कुचेष्टा नव्हती, खरं कुतूहल होतं. मी काहीतरी उत्तर दिलं. घरी जाताना रिक्षात बसल्यावर माझं मलाच वाटलं, की अरे, हे काही उत्तर झालं नाही. मी नुसती वेळ मारून नेली.

आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. पण ते एकट्या तत्त्वज्ञानापुरतं देऊन भागणार नाही. तिचा प्रश्न विद्यापीठातल्या प्रत्येक विभागाच्या दारावर जाऊन विचारण्यासारखा आहे: तुमचं चुकलं, तर ते तुम्हाला कसं कळतं?

विद्यापीठात किती प्रकारचं संशोधन चालतं असं कुणी विचारलं, तर आपण विषयांची यादी सांगतो. कुणी वनस्पतींवर काम करतं, कुणी ताऱ्यांवर, कुणी बोलीभाषांवर, कुणी शेतीच्या अर्थकारणावर. यादी खोटी नाही. पण हे दुकानांच्या पाट्या वाचण्यासारखं झालं. आत काय चालतं ते पाटीवरून कळत नाही. माझं म्हणणं असं, की संशोधनातली खरी विविधता विषयांत कमी आणि पुराव्यांत जास्त असते. एका विभागात जे पुरावा म्हणून चालतं, ते शेजारच्या विभागात चालत नाही. एका ठिकाणी चूक तीन महिन्यांत उघडी पडते, दुसऱ्या ठिकाणी तीस वर्षं लागतात. हे नीट समजून घेतलं नाही, तर आपण एकमेकांच्या कामाची किंमत चुकीची करतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे. त्याबद्दल शेवटी बोलेन.

उदाहरणं मी बरीचशी पुण्यातली घेणार आहे. एक खुलासा आधीच करतो. माझं आजचं 'विद्यापीठ' जरा ऐसपैस आहे. गणेशखिंडीतलं पुणे विद्यापीठ, येरवड्याचं डेक्कन कॉलेज, विधी महाविद्यालय रस्त्यावरची भांडारकर संस्था, या कागदोपत्री वेगवेगळ्या संस्था. पण माणसं, पुस्तकं आणि प्रश्न यांची त्यांच्यात इतकी ये-जा राहिली आहे, की आजच्यापुरतं त्यांना एकच आवार समजायला हरकत नसावी.

एक जुनी यादी

आपल्याकडच्या दर्शनांमध्ये एक वाद शतकानुशतकं चालला. ज्ञान मिळवण्याची खात्रीची साधनं किती? अशा साधनाला 'प्रमाण' म्हणतात. चार्वाक म्हणाले, एकच: प्रत्यक्ष. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं तेवढंच. बौद्ध आणि वैशेषिक म्हणाले, दोन: प्रत्यक्ष आणि अनुमान. सांख्यांनी 'शब्द', म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं, हे तिसरं धरलं. नैयायिकांनी उपमान घेऊन चार केली. प्राभाकर मीमांसकांनी अर्थापत्ती घेऊन पाच केली. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी अनुपलब्धीही धरली आणि आकडा सहावर गेला.

विद्यार्थी असताना ही यादी मी परीक्षेसाठी पाठ केली, तुमच्यापैकीही काहींनी केली असेल. पुढे बऱ्याच वर्षांनी, इतर विभागांतल्या मित्रांचं काम जवळून पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की ही माणसं याच सहा साधनांपैकी कोणतं ना कोणतं रोज वापरत असतात. त्यांना ही नावं माहीत नसतात, एवढंच. जुन्या आचार्यांच्या डोळ्यांपुढे आजचं विद्यापीठ अर्थातच नव्हतं. मी त्यांचे शब्द माझ्या कामासाठी उसने घेतो आहे. काही ठिकाणी थोडे ताणतोही आहे, ते तिथल्या तिथे सांगेन.

एका खड्ड्यातली चार प्रमाणं

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढे बारा-चौदा वर्षं तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांचं हे गाव, साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं. शंभराहून जास्त घरांचे अवशेष तिथे मिळाले. लहान मुलं गेली की त्यांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. आई-बापांना मूल घराबाहेर ठेववत नसेल का, असं आपल्या मनात येतं. पण ते आपल्या मनात येतं. खड्ड्यात सापडतात ते कुंभ आणि हाडं. हा फरक लक्षात ठेवा.

आता या खड्ड्यापाशी उभं राहून पाहा. पहिलं प्रमाण प्रत्यक्ष. वाटतं, सगळ्यात सोपं हेच. तुम्ही-आम्ही खड्ड्यात पाहिलं तर माती दिसेल. ज्याची नजर तयार झाली आहे त्याला तीच माती पाहून कळतं, की ही सारवलेली जमीन, हा खांबाचा खळगा, हा राखेचा थर, आणि हे मधलं उंदरानं पोखरलेलं बीळ, त्यामुळे इथली वस्तू वरच्या काळातली असूनही खाली गेलेली असू शकते. नैयायिकांनी प्रत्यक्षाचे दोन प्रकार सांगितले: निर्विकल्पक, म्हणजे नुसतं काहीतरी दिसणं, आणि सविकल्पक, म्हणजे अमुक एक वस्तू म्हणून ओळखून दिसणं. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला क्षणभर पुरतो असं ग्रंथात वाटतं. उत्खननात त्याला दहा वर्षं लागतात. वनस्पतिशास्त्रात गवतांच्या जाती ओळखणाऱ्या माणसाचंही तेच. ही दहा वर्षं कुठल्याच अहवालात दिसत नाहीत.

दुसरं अनुमान. थरातला कोळसा प्रयोगशाळेत जातो, आणि कार्बन-१४ वरून त्याचं वय काढतात. कार्बन-१४ चं प्रमाण सुमारे ५,७३० वर्षांत निम्मं होतं. किती उरलंय ते मोजलं की किती काळ गेला ते निघतं. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे म्हणतो, त्यातलाच प्रकार. पण नैयायिक इथे एक सावधगिरी सांगतात. धुरावरून अग्नी काढता येतो, अग्नीवरून धूर काढता येत नाही, कारण धूर व्हायला इंधन ओलं लागतं. अशा लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. कार्बनच्या अनुमानातही अशी एक उपाधी लपलेली होती. विलार्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली तेव्हा असं गृहीत होतं, की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पूर्वीपासून तेवढंच राहिलं आहे. पुढे जुन्या झाडांच्या खोडातली वर्षावर्षाची वलयं मोजून तोच कार्बन तपासला, तेव्हा लक्षात आलं की ते प्रमाण बदलत आलं आहे. मग सगळ्या तारखा त्या वलयांशी ताडून दुरुस्त कराव्या लागल्या. भौतिकीच्या अनुमानातली चूक झाडाच्या खोडानं दाखवली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चूक दाखवणारा पुरावा पुष्कळदा दुसऱ्याच विभागातून येतो.

तिसरं उपमान. शास्त्रात याचं उदाहरण गवयाचं. शहरातल्या माणसाला कुणी सांगितलेलं असतं, की गवा गाईसारखा असतो. रानात तसं जनावर दिसलं की तो ओळखतो, हाच तो. नैयायिक उपमानाचा अर्थ याहून काटेकोर करतात, त्यांना हा शब्द मुख्यतः नावाचा अर्थ कळण्यापुरता हवा असतो; मी तो थोडा सैल करतो. इनामगावच्या मातीत जळून काळे झालेले दाणे मिळाले. ते सातूचे, म्हणजे जवाचे, की गव्हाचे, हे कसं ठरवायचं? आजच्या दाण्यांशी ताडून. हाडं शेळीची की मेंढीची? आजच्या हाडांशी ताडून. त्यासाठी आधी कुणीतरी आजची हाडं आणि आजचे दाणे जमवून, चिठ्ठ्या लावून, खोक्यांत नीट ठेवलेले असावे लागतात. हे काम कुणी बातमीत छापत नाही. पण ते नसेल तर सापडलेला दाणा हा नुसता काळा ठिपका.

आणि शब्दप्रमाण? ते तर या सगळ्याला धरून ठेवतं. पुरातत्त्वज्ञ स्वतः कार्बन मोजत नाही. मोजणारा स्वतः थर पाहत नाही. धान्य ओळखणारा या दोघांवर विसंबतो. न्यायात 'आप्त' म्हणजे ज्याला विषय प्रत्यक्ष माहीत आहे आणि जो जसा आहे तसा सांगण्याची इच्छा ठेवतो तो. "आम्ही विज्ञानवाले, आम्ही कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही" असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, तुमच्या लेखाच्या शेवटी साठ संदर्भ आहेत, त्यातले किती प्रयोग तुम्ही स्वतः करून पाहिलेत? विश्वास ठेवण्यात कमीपणा काही नाही. मात्र कुणावर, कशासाठी आणि कितपत, हे सांगता आलं पाहिजे. इतिहासकार हेच काम आयुष्यभर करतो. पत्र कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, खोटं बोलण्यात त्याचा फायदा काय होता, हे तो कागदाला विचारतो.

न दिसणाऱ्याचा पुरावा

आता उरलेली दोन प्रमाणं. मला स्वतःला ही सगळ्यात गमतीची वाटतात.

अर्थापत्तीचं जुनं उदाहरण देवदत्ताचं आहे. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. मग मेळ कसा बसायचा? तो रात्री जेवत असला पाहिजे. त्याला रात्री जेवताना कुणी पाहिलेलं नाही, पण ते मानल्याशिवाय गत्यंतर नाही. खगोलशास्त्र या देवदत्तावर फार चालतं. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे फिरेना, तेव्हा ल व्हेरिए यांनी म्हटलं, पलीकडे एक न दिसलेला ग्रह त्याला ओढत असला पाहिजे. १८४६ मध्ये सांगितलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला. मोठा विजय. मग बुधाच्या कक्षेतही थोडा फरक दिसला, तेव्हा त्याच ल व्हेरिए यांनी तीच युक्ती लावली: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन हे नावसुद्धा मिळालं. ग्रह काही मिळाला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि बुधाचं कोडं कोणत्याही नव्या ग्रहाशिवाय सुटलं. माणूस तोच, युक्ती तीच. एकदा देवदत्त खरोखर रात्री जेवत होता, दुसऱ्यांदा आपली पचनाची कल्पनाच चुकीची होती.

हा इतिहास संपलेला नाही. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतल्या बाहेरच्या भागाची गती मोजली. दिसणाऱ्या पदार्थाच्या मानानं ती फार जास्त निघाली. म्हणून न दिसणारं वस्तुमान मानावं लागतं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ ते मानतात. थोडे लोक म्हणतात, गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदला. नेपच्यून की व्हल्कन, हा प्रश्न पुन्हा उभा आहे. गणेशखिंडीच्या आवारातच आयुका आहे, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिथेच रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र आहे, ज्याची महादुर्बीण नारायणगावजवळ खोडदला उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून झालेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. अशी दुर्बीण उभारणं हाच एक मोठा शोध असतो. तो होईपर्यंत आकाशाबद्दलचा एकही नवा निष्कर्ष तिच्यातून निघत नाही.

शेवटचं प्रमाण अनुपलब्धी, म्हणजे न सापडणं. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून टेबलावर घडा नाही. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण मीमांसकांनी एक अट घातली: 'योग्य' अनुपलब्धी हवी. म्हणजे वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

या एका अटीवर विसाव्या शतकातलं पुण्यातलं एक फार मोठं काम उभं आहे. भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, ती १९६६ मध्ये पुरी झाली. तब्बल सत्तेचाळीस वर्षं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. त्यांचं मूळ शिक्षण केंब्रिजला, गणितातलं. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली. तर्क असा: काश्मीर आणि केरळ या दोन टोकांच्या पोथ्यांची परंपरा एकमेकींपासून फार काळ वेगळी राहिली. एखादा श्लोक दोन्हीकडे असेल, तर तो त्या फाटाफुटीच्या आधीचा असण्याचा संभव मोठा. दोन्हीकडे नसेल आणि फक्त मधल्या काही पोथ्यांत असेल, तर तो मागाहून आलेला.

महाभारत गणपतीनं लिहून घेतलं ही कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सुकथनकरांनी संपादित केलेलं आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं, आणि त्यात ही कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. पुण्यात बसून! गणपतीच्या गावात! कारण महत्त्वाच्या पोथ्यांमध्ये ती कथा नाही. इथे कुणी विचारेल, लेखकूनं गाळली नसेल कशावरून? तेव्हा 'योग्यते'ची अट पुढे येते. पोथी उतरवणारे लोक लोकप्रिय कथा सहसा घालतात, गाळत नाहीत. अशी कथा समोर असती तर ती उतरली असती. म्हणून तिचं नसणं हा पुरावा. आणि संपादकांचा दावाही बेताचाच होता. हे व्यासांनी उच्चारलेलं मूळ महाभारत आहे असं ते म्हणत नाहीत. उपलब्ध पोथ्यांवरून जिथपर्यंत मागे जाता येतं ते जुन्यात जुनं रूप, एवढंच म्हणतात.

एका बाईंचा रस्ता

ही सगळी प्रमाणं वेगवेगळ्या इमारतींत राहतात असं वाटू नये, म्हणून एकच उदाहरण सांगतो. इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला गेल्या. तिथे मानवी कवटीच्या दोन बाजूंतला फरक त्यांनी मोजला. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांचे वंशाबद्दलचे विचार पुढे नाझींच्या उपयोगी पडले. कवटीच्या ठेवणीवरून वंशावंशांत उच्चनीच दाखवता येईल अशी तिथली अपेक्षा. मोजमापांत तसं काही निघालं नाही, आणि परक्या देशात शिकणाऱ्या या तरुण बाईंनी तसं निघत नाही असंच लिहिलं. ही खरी योग्य अनुपलब्धी. शोधलं, असतं तर दिसलं असतं, नाही दिसलं.

१९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं, तेव्हा त्या आणि सांकलिया तिथे आले. गुजरातेत लांघणज इथे दोघांनी मिळून काम केलं, त्यांनी दगडी हत्यारं पाहिली, यांनी हाडं. पुढे बाईंनी भारतभरच्या नात्यांच्या शब्दांवरून कुटुंबाची रचना मांडली, ती भाषेच्या पुराव्यावर. पंढरीच्या वारीत चालल्या आणि तिच्यावर लिहिलं, ते प्रत्यक्षावर. आणि 'युगान्त' लिहिलं, ते भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती हाताशी धरून. म्हणजे पोथ्या ताडत बसलेल्या माणसांचं काम मानवशास्त्रज्ञ बाईंच्या हातात गेलं आणि तिथून मराठी घराघरांत पोचलं. ते पोचणार आहे हे १९१९ मध्ये कुणाला सांगता आलं असतं?

एकच गज

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते.

डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून प्रत्येक शब्द कुठे, कोणत्या अर्थानं आला याच्या चिठ्ठ्या केल्या. जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या. पहिला भाग छापून आला १९७६ मध्ये, अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली. मध्ये अठ्ठावीस वर्षं. आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं जे भाग निघत राहिले, ते 'अ' या अक्षराचेच. आता कल्पना करा, १९६० मध्ये चिठ्ठ्या लिहीत बसलेल्या एका माणसापुढे कुणी तक्ता ठेवला आणि विचारलं, यंदा तुमचे किती लेख छापून आले?

काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याला महत्त्वही नाही. बढतीसाठी आलेले एक गृहस्थ जुन्या मराठी ग्रंथाची हस्तलिखितं नऊ वर्षं गोळा करत होते. मठांतून, घराघरांतून, कधी एसटीनं, कधी पदरमोड करून. पाठ ताडणं चालू होतं, छापून काहीच झालं नव्हतं. आमच्यासमोर गुणांचा तक्ता होता. लेखांना रकाना होता, परिसंवादांना होता, प्रकल्पाच्या रकमेला होता. पोथी पाहिली, पाठभेद नोंदवले, याला रकाना नव्हता. त्यांचे गुण सगळ्यांत कमी भरले. मी त्या समितीत तत्त्वज्ञानाचा माणूस. प्रमाणांवर आयुष्यभर शिकवलेलं. मला दिसत होतं की हा गज या कापडासाठी नाही. पण दुपार झाली होती, अजून उमेदवार बाकी होते, आणि तक्ता मोडून बोलायचं तर लेखी कारणं द्यावी लागली असती. मी सही केली.

ते गृहस्थ शहाणे होते. त्यांनी पोथ्यांचं काम बाजूला ठेवलं आणि वर्षाला तीन लेख लिहायला लागले. मी ते वाचले आहेत. वाईट नाहीत. ते लिहिले गेले नसते तरी कुणाचं काही अडलं नसतं. नऊ वर्षांच्या नोंदी कपाटात आहेत, आणि ज्या पोथ्या त्यांनी पाहिल्या त्यांतल्या सगळ्या आता जागेवर असतील असं नाही. कागदाला वाळवी थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, संथ कामाच्या नावाखाली काही लोक काहीच करत नाहीत, त्यांचं काय? खरं आहे. असे लोक मी पाहिलेत, आमच्या विषयात जरा जास्तच पाहिलेत. तक्ते आले त्याला कारण आहे. म्हणून मोजूच नका असं मी म्हणत नाही. आधी त्या माणसाला दोन गोष्टी विचारा, एवढंच म्हणतो. एक, तुझ्या कामात पुरावा कोणता? दोन, काय सापडलं तर तू तुझं म्हणणं मागे घेशील? जो खरोखर काम करतोय त्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येतं, कारण रात्री त्याची झोप त्याच धास्तीनं उडालेली असते. जो करत नाही तो तिथे अडखळतो. आणि हे विचारताना समोर त्या विषयाबाहेरचा एक तरी जाणता माणूस बसलेला असू द्या. कार्बनच्या तारखा झाडाच्या वलयांनी सुधारल्या, हे विसरू नका.

त्या मुलीला उत्तर

तर बाळ, तू आज इथे आली असशील तर ऐक. आमच्याकडे चूक कशी कळते? एडमंड गेटियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६३ मध्ये तीन पानांचा एक लेख लिहिला. ज्ञान म्हणजे खरी आणि सकारण श्रद्धा, अशी व्याख्या बऱ्याच लोकांनी धरलेली होती. गेटियर यांनी दोन छोटी उदाहरणं दिली, ज्यांत माणसाचं मत खरं आहे, त्याला कारणही आहे, तरी त्याला ज्ञान आहे असं म्हणवत नाही, कारण ते योगायोगानं खरं ठरलेलं आहे. व्याख्या हलली, ती हलली. आपल्याकडे बाराव्या शतकात श्रीहर्षानं याच जातीचं उदाहरण दिलं होतं: मुठीत कवड्या किती, याचा अंदाज सांगितला आणि तो जुळला. जुळला म्हणून ते ज्ञान झालं का?

आमची प्रयोगशाळा ही अशी. व्याख्या मांडायची आणि प्रतिपक्षाला हाक मारायची, की हिला मोडणारं एक उदाहरण दे. म्हणून आपल्या ग्रंथांत पूर्वपक्ष आधी येतो, आणि तो मनापासून, जोरकस मांडावा लागतो. तुम्ही जी साधनं वापरता, तीच आम्ही तपासायला घेतो: किती वजन पेलतात, कोणती अट लपलेली आहे, कुठे तुटतात. मात्र त्यासाठी तुमची साधनं आम्हाला माहीत पाहिजेत. पुस्तकात बसून उपाधी सापडत नाही. मी आयुष्यातली बरीच वर्षं तुमच्या इमारतीकडे 'हे नुसतं मोजतात' अशा नजरेनं पाहिलं. तुम्ही आमच्याकडे 'हे नुसतं बोलतात' अशा नजरेनं पाहिलं असेल. त्यामुळेच सही करायच्या दिवशी माझ्याकडे शब्द नव्हते. सगळी प्रमाणं माहीत होती आणि शेजारच्या माणसाचं काम माहीत नव्हतं.

तुला एकच विनंती. पुढच्या आठवड्यात तुझ्या विभागातून निघ आणि ज्या इमारतीत कधी गेली नाहीस तिथे जाऊन कुणाला तरी विचार, जे तू मला विचारलंस तेच. उत्तर मिळायला वेळ लागला तर थांब. मला एक आठवडा लागला.

इथेच थांबतो.